एन्सेलॅडसवर बगदाद कुठून आलं?

कराडच्या एका शाळेतल्या विज्ञानाच्या मॅडमनी प्रश्न पाठवलाय. त्यांची नववीची मुलं प्रदर्शनासाठी शनीच्या एन्सेलॅडस या बर्फाळ चंद्राचा गोल करतायत. त्यासाठी नकाशा मिळवला, तर त्यावर बगदाद, कैरो, दमास्कस, समरकंद, अलीबाबा, आणि वर काश्मीरसुद्धा. मुलांनी विचारलं, ही नावं ठेवतं कोण? नावापुढे ‘सल्काय’, ‘फॉसी’ असं काहीतरी लिहिलेलं असतं ते काय? आणि आपल्या साताऱ्याचं नाव तिथे देता येईल का? मॅडमचा स्वतःचा प्रश्न कामाचा आहे: गोलावर नेमकं काय दाखवायचं आणि काय सोडायचं?

मी सांगलीत बरीच वर्षं भूरूपशास्त्र आणि नकाशावाचन शिकवलं, आणि उपग्रहांच्या प्रतिमांवरून नकाशे काढण्याचं कामही केलं. त्यामुळे उत्तर नकाशावाल्याच्या बाजूने देतो.

आधी हा चंद्र केवढा ते मुलांच्या डोळ्यासमोर येऊ द्या. एन्सेलॅडसचा व्यास सुमारे 504 किलोमीटर. म्हणजे साताऱ्याहून मुंबईला जाऊन परत यायला जेवढा रस्ता तुडवावा लागतो, साधारण तेवढाच. विल्यम हर्शेलने 1789 मध्ये तो शोधला. एन्सेलॅडस हे ग्रीक पुराणातल्या एका दैत्याचं नाव विल्यमचा मुलगा जॉन हर्शेल याने 1847 मध्ये सुचवलं. पण शोध लागल्यापासून जवळपास दोनशे वर्षं हा चंद्र दुर्बिणीतला एक ठिपकाच होता. ठिपक्यावर दरी नाही, डोंगर नाही, मग नाव कशाला देणार?

नावं आली ती यानं पोचल्यावर. ऑगस्ट 1981 मध्ये व्हॉयेजर 2 शनीजवळून गेलं तेव्हा शनीचा उत्तर गोलार्ध सूर्याकडे कलायला सुरुवात झाली होती, त्यामुळे एन्सेलॅडसचा उत्तरेकडचा भाग उजेडात होता. लगेच 1982 मध्ये पहिली नावं मंजूर झाली: अलादीन, अलीबाबा, दुन्याझाद ही विवरं, समरकंद सल्काय, सरंदीब प्लॅनिशिया. दक्षिण ध्रुवाचा नकाशा मात्र कोराच राहिला. पुढे कॅसिनी यान 2004 मध्ये शनीपाशी पोचलं तेव्हा तिकडे दक्षिणेत उन्हाळा होता, आणि दक्षिण ध्रुव पहिल्यांदा नीट दिसला. बगदाद, कैरो, दमास्कस, अलेक्झांड्रिया ही नावं 2006 ची आहेत ती त्यामुळे. शनीचं एक वर्ष आपल्या साडेएकोणतीस वर्षांचं, तेव्हा तिथला एकेक ऋतू सात-सात वर्षं चालतो. ऑगस्ट 2009 मध्ये तिथलं संपात झालं, म्हणजे ऊन नेमकं विषुववृत्तावर आलं, आणि दक्षिण ध्रुव हळूहळू अंधारात गेला, तसा उत्तरेचा तपशील मिळत गेला. मुलांना नकाशावरच्या नावांची वर्षं लिहून घ्यायला सांगा. ऊन कधी कुठे पडलं होतं ते त्यातून आपोआप कळेल.

आता नावं कोण ठेवतं. आंतरराष्ट्रीय खगोल संघ ही 1919 साली स्थापन झालेली संस्था, आणि तिच्यात ग्रह-उपग्रहांवरच्या नावांसाठी एक कार्यगट आहे. मंजूर झालेल्या नावांची यादी अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याचा खगोल विभाग सांभाळतो. ती कुणालाही फुकट बघता येते. पद्धत अगदी रूक्ष. एखादा संशोधक त्या भागावर काम करत असतो, लेखात त्याला एका खळग्याचा पुन्हापुन्हा उल्लेख करावा लागतो, आणि ‘अमुक अक्षांशावरचा, तमुक रेखांशावरचा तो मोठा खळगा’ असं किती वेळा लिहिणार? मग तो अर्ज करतो: ठिकाण हे, प्रतिमा ही, नाव लागतंय ते या कारणाने. बाह्य सूर्यमालेसाठी वेगळा उपगट आहे, तो तपासतो आणि मग कार्यगट मतदान करतो. थोडक्यात, गरज असेल तरच नाव. नुसतं हौसेपोटी किंवा कुणाच्या सन्मानासाठी तिथे काही होत नाही.

आणि विकत तर नाहीच नाही. चंद्रावरचं विवर किंवा एखादा तारा तुमच्या नावावर करून देतो म्हणून सोनेरी चौकटीतलं प्रमाणपत्र विकणारे आहेत. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाने सांगलीत मुलाच्या वाढदिवसाला असं प्रमाणपत्र घेतलं होतं. भिंतीवर छान दिसतं. खगोल संघाच्या यादीत त्याला काडीचीही किंमत नाही.

बगदाद-अलीबाबा कुठून आले, तर प्रत्येक गोलाला एक विषय नेमून दिलेला असतो, आणि एन्सेलॅडसला मिळालाय ‘अरबी सुरस कथा’, त्याही रिचर्ड बर्टनच्या इंग्रजी भाषांतरातल्या. विवरांना त्या गोष्टींतल्या माणसांची नावं, बाकी सगळ्याला ठिकाणांची. अलीबाबा विवर आणि बगदाद भेग, असं का, ते यावरून लगेच लक्षात येईल. सरंदीब म्हणजे गोष्टीतल्या सिंदबादची लंका. काश्मीरही त्याच गोष्टींच्या वाटेने तिथे पोचलं. भारत सरकारचा किंवा इस्रोचा त्याच्याशी काही संबंध नाही. हे मुलांना स्पष्ट सांगा, नाहीतर प्रदर्शनात कुणीतरी छाती फुगवून भलतंच सांगेल.

शेजारच्या चंद्रांवरही हाच प्रकार. गुरूच्या युरोपावर केल्टिक पुराणं आणि आयर्लंड-वेल्सकडची ठिकाणं, कॅलिस्टोवर उत्तर युरोपातल्या दंतकथा, शनीच्या मिमासवर राजा आर्थरच्या गोष्टीतली माणसं. नियम आहेत तसे अपवादही आहेत. मिमासवरचं सगळ्यात मोठं विवर सुमारे 130 किलोमीटरचं, आणि चंद्रच जेमतेम 400 किलोमीटरचा. त्याला आर्थरच्या गोष्टीतलं कुणी मिळालं नाही. ते हर्शेलच्या नावाने आहे, कारण मिमासही त्यानेच शोधला होता.

नावापुढच्या शब्दांकडे मात्र जरा थांबून बघा. विद्यार्थी इथेच सगळ्यात जास्त घसरतात.

सल्कस म्हणजे जवळजवळ समांतर जाणाऱ्या खाचा आणि कंगोऱ्यांचा पट्टा. त्याचं अनेकवचन सल्काय. फॉसा म्हणजे लांबट, अरुंद चर, अनेक असले की फॉसी. डॉर्सम म्हणजे उंच धार. प्लॅनिशिया म्हणजे सखल मैदान. विवराला पुढे काहीच लागत नाही, नुसतं ‘दुन्याझाद’ म्हटलं की विवर समजायचं. हे सगळे लॅटिन शब्द फक्त दिसतं कसं एवढंच सांगतात. ते कसं झालं, कशाने झालं, याबद्दल एक अक्षरही सांगत नाहीत. हे मुद्दाम असं ठेवलंय.

आपल्याकडचं उदाहरण घ्या. यवतेश्वराच्या वर चढलं की कासच्या वाटेवर ‘सडा’ लागतो. सडा म्हटल्यावर आपल्याला उघडा, सपाट, काळपट खडक दिसतो, बस्स. तो जांभा कसा तयार झाला, त्याखालच्या बेसॉल्टचे थर कधी साचले, हे त्या शब्दात नाही. उद्या भूशास्त्रज्ञांचं मत बदललं तरी गुराखी सड्याला सडाच म्हणणार. ग्रहांवरच्या लॅटिन शब्दांचं तसंच आहे.

आणि मतं बदलतातच. सरंदीब प्लॅनिशिया बघा. व्हॉयेजरच्या प्रतिमांमध्ये तो भाग गुळगुळीत दिसला, विवरंही फारशी दिसली नाहीत, म्हणून मैदान. कॅसिनीने जवळून पाहिलं तर तिथे ठेंगण्या कंगोऱ्यांचं आणि भेगांचं जाळं निघालं. दियार प्लॅनिशियाचीही तीच गत. नाव बदललं का? नाही. आपल्या चंद्रावरच्या ‘सागरां’त तरी थेंबभर पाणी कुठे आहे? तेव्हा नावावरून उत्तर काढायचं नाही. मुलांना ‘प्लॅनिशिया’ दिसलं की ती गोलावर तिथे सपाट पांढरा रंग फासतील. त्यांना आधी प्रतिमा दाखवा.

प्रतिमा बघायला शिकवताना पहिला प्रश्न एकच विचारायचा: ऊन कुठून येतंय? आपला मेंदू उजेड वरून येतो असं धरून चालतो. प्रतिमेत ऊन खालून येत असेल तर खड्डा उंचवट्यासारखा दिसतो आणि कंगोरा खाचेसारखा. सांगलीच्या एका कार्यशाळेत मी एन्सेलॅडसच्या उत्तर भागाची छापील प्रतिमा मुलांना दिली होती, आणि वर ट्रेसिंग पेपर. दोन गटांनी एकच प्रतिमा उलटसुलट धरली. एका गटाने जिथे विवरं काढली तिथे दुसऱ्याने टेकड्या काढल्या. दोघेही हट्टाने भांडायला लागले. मग एकाने कागद फिरवला आणि खोलीत एकदम ‘अरे हो की’ झालं.

त्यात गंमत म्हणजे एन्सेलॅडसवर काही विवरांच्या आत खरोखरच उंचवटे आहेत. दुन्याझादचा तळ मधोमध फुगून वर आलाय. अलीबाबा आणि अलादीन या विवरांतही मधोमध घुमट आहेत. कारण असं, की तिथला बर्फ उणे 200 अंशांच्या आसपास दगडासारखा कडक असला तरी खालून ऊब मिळाली की लाखो वर्षांच्या हिशोबात तो सावकाश वाहतो. खड्ड्याच्या कडा खचतात, तळ वर येतो. विवर किती ‘सैलावलंय’ यावरून त्या भागात कधीकाळी खाली किती उष्णता होती याचा अंदाज बांधता येतो. वर पृष्ठभागावर दिसणारा आकार म्हणजे खालच्या तापमानाची नोंदच झाली. मला स्वतःला या चंद्रावरची हीच गोष्ट सगळ्यात आवडते, दक्षिण ध्रुवावरून उडणाऱ्या वाफेच्या फवाऱ्यांपेक्षाही.

दुसरा प्रश्न: कुणी कुणाला कापलंय? भेग विवराच्या कडेतून आरपार गेली असेल तर विवर आधीचं, भेग नंतरची. विवर भेगेवर बसलं असेल तर उलट. दोन भेगा एकमेकींना छेदत असतील तर जी सलग आहे ती नवी, जी तुटून सरकलीय ती जुनी. ट्रेसिंग पेपरवर पेन्सिलीने हे एकेक करत गेलं की घड्याळ नसतानाही घटनांचा क्रम लागतो. उत्तरेच्या विवराळ भागात विवरांना चिरत जाणाऱ्या बारीक भेगा इतक्या आहेत की नववीच्या मुलांना एका तासाला एक चौकोनही पुरून उरेल. त्या उत्तरेतच दुन्याझाद, शहराझाद आणि अल-हद्दार ही एकाला एक लागून असलेली तीन विवरं आहेत. एकत्र पाहिली की बर्फाचा बाहुला दिसतो. सुरुवात त्यांच्यापासून करा.

मग दक्षिण ध्रुव. इथे विवरं जवळपास नाहीतच, म्हणजे पृष्ठभाग कोवळा. आणि चार मोठ्या, जवळजवळ समांतर भेगा: अलेक्झांड्रिया, कैरो, बगदाद, दमास्कस. बोलीत त्यांना ‘वाघाचे पट्टे’ म्हणतात, अधिकृत नाव मात्र सल्काय. प्रत्येक भेग साधारण 130 किलोमीटर लांब, म्हणजे साताऱ्याहून कराडमार्गे सांगलीला येण्याएवढी. रुंदी सुमारे 2 किलोमीटर, खोली अर्धा किलोमीटर, दोन भेगांमधलं अंतर सुमारे 35 किलोमीटर, आणि दोन्ही कडांना कंगोरे. बगदाद जवळजवळ ध्रुवावरूनच जाते. या भेगांमध्ये कॅसिनीला उणे 90 अंशांच्या आसपासचं तापमान सापडलं. बाकी चंद्र उणे 200 वर असताना ध्रुवावर, जिथे ऊन सगळ्यात तिरपं, तिथे ही ऊब! दमास्कस आणि बगदाद त्यातल्या जास्त तापट.

तिथूनच पाण्याची वाफ आणि बर्फाचे कण उडतात. पहिला सुगावा कॅमेऱ्याने नाही, चुंबकमापकाने दिला. 2005 च्या सुरुवातीच्या फेऱ्यांत शनीचं चुंबकीय क्षेत्र या चंद्राभोवती वाकल्यासारखं दिसलं, म्हणजे तिथे काहीतरी वायू असणार. म्हणून जुलै 2005 मध्ये यान पुष्कळ जवळून, पावणेदोनशे किलोमीटरच्या आत नेलं. फवाऱ्यांचे स्पष्ट फोटो त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आले. त्या कणांतूनच शनीचं ई वलय भरत राहतं. बर्फाच्या कवचाखाली सगळीकडे पसरलेला समुद्र आहे हे 2015 मध्ये पक्कं झालं, तेही पृष्ठभागावरच्या खुणा मोजूनच. कित्येक वर्षांच्या प्रतिमांमध्ये विवरांच्या जागा तपासल्या तेव्हा चंद्र फिरताना थोडा डुलतो असं दिसलं, आणि ते डुलणं इतकं होतं की वरचं कवच आतल्या खडकाला चिकटलेलं असणं शक्यच नव्हतं.

इथे नाव देण्याचा खरा उपयोग कळतो. इंचभरही चूक चालत नसेल तर सगळ्यांनी एकाच खुणेवरून मोजायला हवं. एन्सेलॅडसवर सालिह नावाचं एक विवर आहे. दिसायला काही विशेष नाही, पण ते 5 अंश रेखांशावर आहे असं ठरवून टाकलंय, आणि बाकीच्या नकाशाचे रेखांश त्यावरून लागतात. तलाठ्याच्या मोजणीत शिवेवरचा दगड जे काम करतो ते तिथे सालिह करतो. एक सावधगिरी: शनीच्या चंद्रांचे रेखांश बऱ्याच नकाशांत पश्चिमेकडे वाढत जातात, काहींत पूर्वेकडे. मुलांनी दोन नकाशांवरून आकडे उचलले तर अलीबाबा भलत्याच बाजूला जाऊन बसेल. नकाशाच्या कोपऱ्यातली सूचना आधी वाचायला लावा.

साताऱ्याचं नाव? एन्सेलॅडसवर नाही, विषयच वेगळा. पण मुलांना हिरमुसलं करू नका. मंगळावर लहान विवरांना जगभरातल्या 1 लाखापेक्षा कमी वस्तीच्या गावांची नावं देतात. तिथे आपलं भोर आहे, लोणारही आहे. मांढरदेवीचा घाट उतरलं की भोर, म्हणजे शेजारचंच गाव मंगळावर गेलंय. सातारा शहराची लोकसंख्या 2011 च्या जनगणनेत 1 लाख 20 हजारांच्या घरात, त्यामुळे ते नियमात बसत नाही. वाई बसते, महाबळेश्वर बसतं. मात्र त्यात गावाचा गौरव वगैरे करण्याचा हेतू नसतो, हे नियमातच म्हटलंय. हाताशी असलेली नावांची पेटी, एवढाच त्याचा अर्थ. त्या विवरावर काम करणारा कुणी संशोधक वाईचा निघाला, तर गोष्ट वेगळी.

बर्फाळ चंद्रावरच भारतीय नाव हवं असेल तर नेपच्यूनच्या ट्रायटनकडे वळा. तिथला विषय पाण्याशी निगडित नावं, फक्त ग्रीक आणि रोमन सोडून. व्हॉयेजर 2 तिथून 1989 मध्ये गेलं. त्या नकाशावर जमुना फॉसी आहे आणि कूर्म नावाचं विवरही आहे. आपल्या चंद्रावर तर साराभाई, भाभा, रामन, आर्यभट आहेतच, आणि चंद्रयान 3 उतरलं त्या जागेच्या शिवशक्ती या नावाला खगोल संघाने मार्च 2024 मध्ये मान्यता दिली. व्यक्तीचं नाव द्यायचं तर ती जाऊन किमान तीन वर्षं झालेली असावी लागतात. म्हणून कुणा विद्यार्थ्याने आमदारसाहेबांचं नाव सुचवलं तर त्याला शांत बसवा. राजकीय नावांना तसाही मज्जावच आहे.

आता गोल. 50 सेंटिमीटर व्यासाचा करा, हिशोब सोपा जातो: 1 सेंटिमीटर म्हणजे जवळपास 10 किलोमीटर. वाघाचे पट्टे 13 सेंटिमीटर लांब, 2 मिलिमीटर रुंद, एकमेकांपासून साडेतीन सेंटिमीटरवर. अलीबाबा सुमारे 4 सेंटिमीटरचं. खोली मात्र प्रमाणात दाखवायला जाऊ नका. अर्धा किलोमीटर म्हणजे अर्धा मिलिमीटर, ते रंगाच्या थरातच बुजेल. खोली दहापट करा आणि तसं पाटीवर लिहा. रंग पांढराशुभ्रच ठेवा, कारण हा चंद्र सूर्यमालेतल्या सगळ्यात उजळ गोलांपैकी एक आहे. पुस्तकात भेगा निळसर-हिरव्या दिसतात तो चढवलेला रंग आहे. तिथला बर्फ ताजा आणि भरड कणांचा, हे कळावं म्हणून तसं करतात. तो वापरायचा असेल तर ‘हा खरा रंग नव्हे’ एवढं लिहा.

चौकोनी नकाशा गोलावर चिकटवू नका. त्यात ध्रुव ताणले जातात, आणि तुमचं सगळं आकर्षण नेमकं ध्रुवावर आहे. दक्षिण ध्रुवाचा गोल नकाशा वेगळा मिळतो, खालची टोपी त्यावरून उतरवा. आणि गोल टांगताना दोरी उत्तरेला बांधा, पण टांगा डोळ्यांच्या वर. प्रदर्शनाला येणारी चौथी-पाचवीची पोरं खालूनच बघणार, आणि बगदाद खालीच आहे.